प्लॅटिनम पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट: दोष पॉइंटचा की डिस्ट्रिब्युटरचा?

(चर्चा; प्रत्येकाच्या मजकुराच्या वर त्याचं टोपणनाव)

ब्रेकरप्लेट

जुन्या गाडीचं इंजिन मिसिंग करू लागलं (मधूनच ठिणगी चुकू लागली) की सल्ला ठरलेला असतो: पॉइंट काढा, इलेक्ट्रॉनिक किट टाका, कटकट मिटली. पॉइंट म्हणजे कॉइलचा करंट तोडून ठिणगी पाडणारा यांत्रिक स्विच. तो डिस्ट्रिब्युटरमध्ये, म्हणजे पाळीपाळीने प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या भागात, बसतो. किटमधलं मॉड्यूल तेच काम ट्रान्झिस्टरने करतं. या सरसकट सल्ल्याला माझा विरोध आहे. किटशी वैर नाही, पण मिसिंगचं मूळ बहुतेक वेळा पॉइंटच्या बाहेर असतं.

डिस्ट्रिब्युटरमध्ये काय काय झिजतं ते बघा. शाफ्टचं बुश सैल होतं, मग शाफ्ट डुलतो आणि कॅमच्या प्रत्येक लोबवर (उंचवट्यावर) पॉइंटचा गॅप वेगळा मिळतो. सेंट्रिफ्यूगल ॲडव्हान्सच्या (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणाऱ्या यंत्रणेच्या) स्प्रिंगा ढिल्या पडतात, वजनं गंजून अडकतात. व्हॅक्यूम ॲडव्हान्सचा (तेच काम इंजिनाच्या व्हॅक्यूमने करणाऱ्या भागाचा) पडदा फाटतो. ब्रेकर प्लेटला (पॉइंट जिच्यावर बसतात ती) अर्थिंग देणारी बारीक वायर आतल्या आत तुटते, वरून मात्र शाबूत दिसते. रोटरच्या (कॅपखाली फिरून ठिणगी वाटणाऱ्या तुकड्याच्या) रिव्हेटमधून करंट शाफ्टला गळतो. नवं मॉड्यूल यातलं काहीही दुरुस्त करत नाही. सैल बुशचा त्रास थोडा झाकला जातो, एवढंच. ॲडव्हान्स अडकलेला असेल तर अडकलेलाच राहतो आणि मालक पुढचा महिनाभर कार्ब्युरेटर उघडत बसतो.

दुसरं, ‘ठिणगी जोरदार होते’ हा दावा. हॉल सेन्सरचं (मॅग्नेट जवळून गेलेला ओळखणारं) साधं मॉड्यूल म्हणजे एक स्विच. कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा तिच्या इंडक्टन्सवर आणि करंटच्या वर्गावर ठरते. कॉइल तीच, व्होल्टेज तेच, ड्वेल (पॉइंट बंद राहून कॉइल भरते तो कोन) जवळपास तेवढाच, मग जास्तीची ऊर्जा येणार कुठून? चार सिलिंडरच्या इंजिनाला ६००० आरपीएमला सेकंदाला २०० ठिणग्या लागतात, म्हणजे प्रत्येकीला ५ मिलिसेकंद. ६० अंश ड्वेल असेल तर त्यातले ३.३ मिलिसेकंद कॉइल भरायला मिळतात. रोजच्या वापरात इंजिन ३०००च्या आसपास फिरतं, तेव्हा वेळ याच्या दुप्पट. पॉइंटना हे काम जड नाही.

पॉइंटची निगा म्हणाल तर हील (पॉइंटचा कॅमवर टेकणारा भाग) लोबच्या टोकावर आणून फीलर गेजने गॅप (चार सिलिंडरच्या बऱ्याच डिस्ट्रिब्युटरना ०.३५ ते ०.४० मिमी), मग ड्वेल मीटर, मग टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ), याच क्रमाने. कॅमवर उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका. अर्ध्या तासाचं काम आहे.

हॉलसेन्सर

अर्ध्या तासाचं काम आहे, पण ते पुन्हा पुन्हा करावं लागतं, हे सोयीस्कर विसरलात. पॉइंटची फायबरची हील कॅमवर सतत घासते. हील झिजली की गॅप कमी होतो, ड्वेल वाढतो आणि पॉइंट उशिरा उघडतात. ड्वेल एक अंशाने बदलला की क्रँकवर टायमिंग साधारण एक अंश सरकतं. ड्वेल चार अंशांनी वाढला तर टायमिंग चार अंश रिटार्ड, म्हणजे ठिणगी तेवढी उशिरा! इंजिन मंदावतं, तापतं, पेट्रोल जास्त पितं, आणि हे इतकं हळू होतं की चालवणाऱ्याला कळतही नाही. मॉड्यूलमध्ये घासणारा भागच नाही. एकदा लावलेलं टायमिंग तिथेच राहतं.

‘ठिणगी तीच’ हे वरच्या आरपीएमला बरंचसं खरं आहे, स्टार्ट करताना नाही. स्टार्टरवर इंजिन सावकाश फिरतं, पॉइंट सावकाश उघडतात आणि उघडताना त्यांच्यातच आर्क होतो. तेवढी ऊर्जा प्लगपर्यंत पोचतच नाही. ट्रान्झिस्टर कोणत्याही वेगाला करंट एका झटक्यात तोडतो. थंड इंजिन पटकन पकडतं ते यामुळे.

आणि हिशोब सोयीचा निवडलात. आठ सिलिंडर घ्या. ६००० आरपीएमला सेकंदाला ४०० ठिणग्या, प्रत्येकीला २.५ मिलिसेकंद, ३० अंश ड्वेलला भरायला जेमतेम १.७. कॉइल ३ ओहम आणि ९ मिलिहेन्रीची धरली तर करंट पूर्ण करंटच्या ४३ टक्क्यांपर्यंतच चढतो. ऊर्जा वर्गाने घटते, म्हणजे उरली १८ टक्के. त्यात पॉइंट उड्या मारू लागले की तेवढीही नाही. क्रायसलरने १९७३ पर्यंत अमेरिकेतल्या आपल्या सगळ्या गाड्यांमधून पॉइंट काढले, जनरल मोटर्सने १९७५ ला एचईआय (हाय एनर्जी इग्निशन) सरसकट आणलं. ही मंडळी फॅशनच्या मागे लागली नव्हती.

ब्रेकरप्लेट

आठ सिलिंडरच्या बाबतीत मान्य. पण एचईआयचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. त्यात कॉइल वेगळी, मॉड्यूल वेगळं, डिस्ट्रिब्युटरची कॅप मोठी, प्लगचा गॅपही जास्त. ती अख्खी नवी सिस्टिम होती. इथे चर्चा आहे ती जुन्या डिस्ट्रिब्युटरच्या पोटात बसणाऱ्या दोन वायरींच्या मॉड्यूलची. त्याच्या जोरावर लोक प्लगचा गॅप ०.६ वरून ०.९ मिमीवर नेतात आणि कॉइल जुनीच ठेवतात. गॅप वाढला की ठिणगी पडायला व्होल्टेज जास्त लागतं, मग करंट जुन्या कॅपमधून आणि रोटरमधून पळवाटा शोधतो. चढावर मिसिंग सुरू, आणि दोष मॉड्यूलला.

बॅलास्टवायर

दोघांचं चालू द्या. किट फेल होण्याची जी कारणं खरी असतात ती वायरिंगमध्ये आहेत, त्यावर कोणी बोलत नाही, म्हणून लांबण लावतो.

आधी कॉइल मोजा. दोन्ही वायरी काढून प्लस-मायनसमध्ये मल्टिमीटर लावा. ३ ओहमच्या आसपास रीडिंग आलं तर साधी १२ व्होल्टची कॉइल. १.५ आलं तर ती बॅलास्टवाली, म्हणजे वाटेत कुठेतरी आणखी दीडेक ओहम आहे: चिनी मातीचा रेझिस्टर, नाहीतर हार्नेसमध्येच विणलेली रेझिस्टन्स वायर. ही वायर दिसत नाही आणि तिथेच घोळ होतो. ओळखायची खूण अशी: इग्निशन ऑन, पॉइंट बंद अवस्थेत, आणि कॉइलच्या प्लसवर १२ ऐवजी ६ ते ९ व्होल्ट.

मॉड्यूलची लाल वायर पूर्ण १२ व्होल्टला जोडायची, बॅलास्टच्या आधी. कॉइलच्या प्लसला जोडली आणि तिथे ७ व्होल्टच असतील तर इंजिन स्टार्टरवर सुरू होईल (तेव्हा बॅलास्ट बायपास होतो) आणि चावी सोडताच बंद पडेल. हे लक्षण दिसलं की मॉड्यूल परत पाठवायच्या आधी ही वायर बघा. उलट चूकही तितकीच महागात पडते: बॅलास्ट काढून टाकला आणि कॉइल १.५ ओहमचीच ठेवली तर १४ व्होल्टला करंट ९ अँपिअरपर्यंत जातो. पॉइंटसाठी ४ ते ५ अँपिअर ठीक असतात. साधं मॉड्यूल ९ अँपिअरला जळतं. चार-सहा सिलिंडरच्या साध्या मॉड्यूलना बहुधा ३ ओहमची कॉइल लागते. किमान किती ओहम हवेत ते किटच्या कागदावर असतं, ते वाचा.

काळी वायर कॉइलच्या मायनसला. हे सगळं निगेटिव्ह अर्थच्या गाडीचं (बॅटरीचा मायनस बॉडीला). बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या आहेत, त्यांना मॉड्यूलच वेगळं येतं. निगेटिव्हचं उलटं जोडून चालत नाही, क्षणात जातं.

बसवताना:

बॅटरीची अर्थ काढा. इंजिन एक नंबरच्या फायरिंगवर आणा, रोटर कुठे बघतोय ती खूण बॉडीवर करा. पॉइंट आणि कंडेन्सर (पॉइंटवरचा आर्क दाबणारा छोटा डबा) काढा, प्लेट पेट्रोलने पुसून कोरडी करा. मॉड्यूलला अर्थ या प्लेटमधूनच मिळते, तेव्हा वर म्हटलेली ती बारीक वायर इथे दुप्पट महत्त्वाची. शंका असेल तर बदला. मॅग्नेटची रिंग कॅमवर पूर्ण खाली बसली पाहिजे. ती अर्धवट बसली तर रोटर उंच राहतो आणि कॅपमधला कार्बन ब्रश मोडतो. रिंग आणि मॉड्यूलमधला गॅप साधारण ०.७५ मिमी, शाफ्ट पूर्ण फेरा फिरवून सगळीकडे तपासा. वायरी अशा वळवा की व्हॅक्यूम ॲडव्हान्सने प्लेट फिरली तरी त्या ताणल्या जाणार नाहीत. व्हॅक्यूमचा पाइप तोंडाने ओढून प्लेट शेवटपर्यंत फिरते का बघा.

टायमिंग पुन्हा लावावंच लागतं. जुन्या खुणेवर डिस्ट्रिब्युटर आवळून मोकळं होऊ नका, कारण मॉड्यूलचा ट्रिगर पॉइंट उघडण्याच्या जागी येईलच असं नाही. टायमिंग लाइट, व्हॅक्यूम पाइप काढून बुच मारलेला, मॅन्युअलमधला आयडल आरपीएम.

शेवटचं म्हणजे एचटी (प्लगकडे जाणाऱ्या हाय टेन्शन) वायरी. तांब्याच्या तारेच्या जुन्या वायरींवर रेझिस्टर कॅप नसतील तर त्यांचा रेडिओ नॉइज मॉड्यूलला वेडं करतो. कार्बन कोअरच्या सप्रेशन वायरी घाला.

तेलपाणी

कंडेन्सर काढायचा की ठेवायचा? आणि आरपीएमचा काटा बंद पडतो म्हणतात ते खरं का?

बॅलास्टवायर

डिस्ट्रिब्युटरचा कंडेन्सर काढायचाच, मॉड्यूलला तो नको. कॉइलच्या प्लसवर रेडिओसाठी वेगळा सप्रेसर असेल तर तो राहू द्या.

काट्याचं मीटरवर अवलंबून आहे. कॉइलचा करंट मोजणारी जुनी मीटर, ज्यांच्या पाठीमागून कॉइलच्या फीडचा लूप जातो, साध्या हॉल मॉड्यूलवर बहुधा चालतात, कारण कॉइलचा करंट अजून त्याच वायरीतून जातो. मॉड्यूलचा फीड मात्र मीटरच्या आधीच घ्या. सीडीआय (कपॅसिटरमधून ठिणगी देणारा) किंवा मल्टिस्पार्क (एका वेळी अनेक ठिणग्या देणारा) बॉक्स लावला तर हा काटा नाचतो किंवा मरतो.

ब्रेकरप्लेट

या सगळ्या यादीनंतर माझा मूळ मुद्दा पक्काच होतो. पॉइंट बिघडतात ते सांगून: आधी स्टार्टिंग जड, मग पिकअप कमी, मग मिसिंग. फाइल मारली, गॅप लावला की गाडी घरी पोचते. मॉड्यूल गेलं की ठिणगी शून्य, आणि रस्त्याच्या कडेला दुरुस्त करण्यासारखं काही नाही. शिवाय चावी ऑन आणि इंजिन बंद अशा अवस्थेत गाडी विसरली तर काही मॉड्यूल कॉइल तापवतात आणि स्वतःही जातात.

हॉलसेन्सर

पॉइंट सांगून जातात, कंडेन्सर सांगून जात नाही. तो आतून शॉर्ट झाला की तुमचीही ठिणगी शून्य. ओपन झाला तर पॉइंटवर निळा आर्क दिसतो, बॅकफायर येतो, आणि नवे-कोरे पॉइंट बघता बघता काळे पडतात. ०.२ मायक्रोफॅरडचा हा चिमुकला डबा हल्ली नवा घेतला तरी भरवशाचा मिळेल याची खात्री नसते. चावी ऑन राहिली आणि पॉइंट बंद अवस्थेत थांबले असतील तर पॉइंटवाली कॉइलही तशीच तापते. चार सिलिंडरला ६० अंश ड्वेल, म्हणजे तशी वेळ येण्याची शक्यता तीनात दोन.

रस्त्याच्या कडेची एवढी काळजी असेल तर गॅप लावलेले पॉइंट आणि तपासलेला कंडेन्सर डिकीत ठेवा. मॅग्नेट रिंग कॅमवरून नुसती उचलून निघते, कॅमला काही झालेलं नसतं.

अर्धापॉइंट

तिसरी वाट आहे, ती दोघांनी सोडली. पॉइंट ठेवायचे, पण कॉइलचा करंट ट्रान्झिस्टर बॉक्सने तोडायचा. पॉइंट नुसता इशारा देतात, त्यांच्यातून अँपिअरचा लहानसा भागच जातो, त्यामुळे पिटिंग (पॉइंटवर खड्डे पडणं) जवळपास थांबतं. बॉक्स गेला तर दोन वायरी बदलून जुन्या पद्धतीवर परत. हा करंट फार कमी ठेवला तर मात्र पॉइंटवरचा तेलाचा पापुद्रा जळत नाही आणि संपर्कच होत नाही. चांगल्या बॉक्समध्ये याचा विचार केलेला असतो.

हॉलसेन्सर

आणि हील तशीच झिजते, टायमिंग तसंच सरकतं, शाफ्टचा खेळही तसाच. पिटिंग हा पॉइंटचा सगळ्यात छोटा आजार आहे, नेमका तेवढाच तुमच्या बॉक्सने बरा होतो.

ब्रेकरप्लेट

शाफ्टचा विषय निघालाच आहे तर किट मागवण्याआधी एवढं करा. ड्वेल मीटर लावा, व्हॅक्यूम पाइप काढून बुच मारा (नाहीतर प्लेट फिरते आणि रीडिंग फसवं येतं), आयडलला आणि मग ३००० आरपीएमला ड्वेल बघा. फरक तीन अंशांपेक्षा जास्त आला तर बुश किंवा प्लेट गेलेली आहे, आधी डिस्ट्रिब्युटर उघडा. मग टायमिंग लाइट खुणेवर धरून हळूहळू रेस करा. खूण सलग सरकली पाहिजे, अडखळत किंवा एकदम उडी मारून नाही.

हॉलसेन्सर

ही तपासणी मान्य, माझ्याही यादीत ती पहिली आहे. फक्त डिस्ट्रिब्युटर उघडून नवं बुश घातल्यावर, सगळं मोकळं आहे तेव्हा, जुने पॉइंट परत आत कशाला घालायचे ते अजून सांगितलं नाहीत.

ब्रेकरप्लेट

कारण नवं बुश आणि मॉड्यूल एकाच दिवशी घातलं आणि इंजिन तरीही मिसिंग करू लागलं, तर दोष कशात शोधणार? आधी पॉइंटवर चालवून टायमिंग स्थिर झालं का बघा. नंतर हवं तर मॉड्यूल.