धोकादायक काळातील फॉर्म्युला वनची ओढ: आपल्याला नेमके काय हवेसे वाटते?

प्रश्न: होटगी रोडकर (सोलापूर)

सर्व मोटारशर्यतप्रेमींना नमस्कार. सध्या मी १९६० आणि १९७०च्या दशकांतील फॉर्म्युला वन शर्यतींची जुनी चित्रणे पाहत आहे, आणि त्यातून मनात उभ्या राहिलेल्या एका प्रश्नावर जाणकारांचे मत हवे आहे.

आमच्या पिढीने हा खेळ केबलवर पाहिला. युरोपातील शर्यत आपल्याकडे रविवारी सायंकाळी साडेपाचच्या सुमारास सुरू होत असे, आणि भारनियमनाच्या दिवसांत कोणत्या पेठेत वीज आहे याची चौकशी करून आम्ही मित्र त्या घरी जमत असू. तो काळ शूमाकर आणि हाक्किनेन यांचा होता. सेना आणि रात्झेनबर्गर या चालकांचे इटलीतील इमोला येथील शर्यतीच्या वेळचे मृत्यू होऊन गेले होते आणि खेळाने स्वतःला सावरायला सुरुवात केली होती. त्यामुळे त्याआधीचा काळ मी प्रत्यक्ष कधी पाहिला नाही. तरीही ओढ वाटते ती त्याच काळाची. उघड्या कॉकपिटमध्ये खांद्यापासून वर पूर्ण दिसणारा चालक, वळणावर त्याचे हलणारे कोपर, आणि बेल्जियममधील सुमारे १४ किलोमीटरच्या जुन्या स्पा मार्गावर घरे, झाडे आणि विजेचे खांब यांच्या मधून धावणाऱ्या त्या निमुळत्या गाड्या पाहिल्या की आजची शर्यत मला फार राखून खेळल्यासारखी वाटते.

अलीकडेच माझा पुतण्या, जो अभियांत्रिकीचे शिक्षण घेत आहे, माझ्यासोबत १९७३ सालची झांडफोर्टची डच शर्यत पाहायला बसला. ज्यांना ती ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. रॉजर विल्यमसन या तरुण इंग्रज चालकाची ही दुसरीच ग्रां प्री, म्हणजे फॉर्म्युला वनची शर्यत, होती. त्याची गाडी उलटली आणि पेटली. तो आत अडकला, पण जिवंत होता. डेव्हिड पर्ली या दुसऱ्या चालकाने आपली गाडी थांबवली, धावत रस्ता ओलांडला आणि तो एकटा ती जळती गाडी सरळ करण्याची धडपड करू लागला. मार्शलांच्या, म्हणजे रस्त्याकडेला नेमलेल्या सुरक्षा कर्मचाऱ्यांच्या, अंगावर आगीत टिकणारे कपडे नव्हते, त्यामुळे ते जवळ जाऊ शकले नाहीत. बाजूने जाणाऱ्या चालकांना वाटले की पर्ली हाच त्या गाडीतून सुखरूप बाहेर पडलेला चालक आहे, म्हणून ते पुढे जात राहिले. शर्यत थांबवली गेली नाही, आणि हे सर्व दूरचित्रवाणीवर थेट दिसत होते.

चित्रण संपल्यावर पुतण्याने विचारले, "काका, तुम्हाला ज्या काळाची एवढी ओढ वाटते, तो हाच ना?" मी त्याला म्हणालो की मला ओढ आहे ती त्या चालकांच्या कौशल्याची, मृत्यूची नाही. पण ही दोन्ही खरोखर वेगळी करता येतात का, की धोका होता म्हणूनच ते कौशल्य मला एवढे मोठे दिसते? कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १: अस्थिरोगतज्ज्ञ

होटगी रोडकर, आपला प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण मी या खेळाचा चाहताही आहे आणि पुणे महामार्गावरील अपघातांत जखमी झालेल्यांवर उपचार करणे हे माझे रोजचे काम आहे.

त्या काळाविषयी बोलताना चालकांचे मृत्यू हे वेगाचे अटळ मोल होते, असे आपण गृहीत धरतो. बहुतेक वेळा ते तसे नव्हते. १९७८ सालच्या इटलीतील मोंझाच्या शर्यतीचे उदाहरण घ्या. प्रारंभालाच अनेक गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि रॉनी पीटरसनची गाडी पेटली. जेम्स हंट आणि इतर चालकांनी त्याला बाहेर काढले. तो शुद्धीवर होता. भाजण्याची इजा मोठी नव्हती, दोन्ही पायांची हाडे मात्र अनेक ठिकाणी मोडली होती. पोलिसांनी अपघातस्थळाभोवती कडे केले आणि शर्यतीचे वैद्यकीय प्रमुख डॉ. सिड वॉटकिन्स यांनाही त्या कड्यातून आत जाऊ दिले नाही. रुग्णवाहिका येण्यास दहा मिनिटांहून अधिक वेळ गेला. रात्री शस्त्रक्रिया झाली, आणि दुसऱ्या दिवशी पीटरसनचा मृत्यू झाला तो मोडलेल्या हाडांतील चरबीचे कण रक्तात मिसळून इतर अवयवांपर्यंत पोहोचल्यामुळे. मांडीचे हाड मोडलेल्या प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत आम्हाला आजही याच गुंतागुंतीची धास्ती असते. पाय मोडलेला, बोलत असलेला माणूस दुसऱ्या दिवशी जातो याचे दुःख काय असते हे मी त्याच्या नातेवाइकांसमोर उभे राहून अनुभवले आहे, आणि म्हणून त्या अपघाताचे चित्रण मी रोमांच म्हणून पाहू शकत नाही.

वॉटकिन्स हे लंडनचे मेंदूशल्यविशारद होते आणि त्याच वर्षी या खेळात आले होते. मोंझानंतर त्यांनी आग्रह धरला की भूलतज्ज्ञ आणि हेलिकॉप्टर उपलब्ध असले पाहिजे आणि पहिल्या फेरीत सर्व गाड्यांच्या मागे डॉक्टरांची गाडी धावली पाहिजे. पुढच्याच शर्यतीपासून ती धावू लागली. आता २०२० सालची बहरीनची शर्यत आठवा. रोमां ग्रोजाँची गाडी पहिल्याच फेरीत कठड्यात घुसली, तिचे दोन तुकडे झाले आणि तिने पेट घेतला. मागून येणारी डॉक्टरांची गाडी काही क्षणांत तेथे पोहोचली, आणि ग्रोजाँ अर्ध्या मिनिटाच्या आत ज्वाळांतून स्वतः बाहेर आला. त्याच्या डोक्यावरील 'हॅलो' या संरक्षक चौकटीने कठड्याचा घाव झेलला होता. ही चौकट २०१८ मध्ये सक्तीची झाली तेव्हा तिला विरोध करणाऱ्यांत स्वतः ग्रोजाँही होता; अपघातानंतर रुग्णालयातून त्याने आपले मत बदलल्याचे जाहीरपणे सांगितले.

आपल्या पुतण्याला माझ्या वतीने एवढे सांगावे की विल्यमसन वेगामुळे गेला नाही. पुरेसे बंब जवळ नव्हते, अंगावर योग्य कपडे असलेली माणसे नव्हती आणि शर्यत थांबवण्याचा निर्णय घेणारे कोणी नव्हते, म्हणून तो गेला. या तिन्ही गोष्टी त्या काळातही शक्य होत्या.

उत्तर २: सात रस्ता

डॉक्टरांच्या अनुभवाबद्दल पूर्ण आदर ठेवून मी वेगळे मत मांडतो. धोका वगळला तर त्या काळातील काही गोष्टींचा अर्थच लागत नाही. १९७६ च्या १ ऑगस्टला जर्मनीतील नुर्बुर्गरिंग मार्गावर निकी लाउडा हा चालक अपघातानंतर आगीत सापडला, फुप्फुसात विषारी वायू गेला, रुग्णालयात त्याच्यासाठी अखेरची धार्मिक प्रार्थनाही झाली. आणि सुमारे सहा आठवड्यांनी, डोक्यावरच्या जखमा पूर्ण भरलेल्या नसताना, तो मोंझात चौथा आला. त्याच वर्षी जपानमधील फुजीच्या, मोसमाच्या शेवटच्या शर्यतीत मुसळधार पावसात त्याने दुसऱ्या फेरीनंतर गाडी उभी केली आणि त्या वर्षीचे विश्वविजेतेपद हंटकडे एका गुणाने गेले. परत येण्याचे धैर्य आणि थांबण्याचे धैर्य या दोन्ही गोष्टी एकाच माणसात एकाच मोसमात दिसल्या, आणि समोर मृत्यू नसता तर त्या दिसल्या नसत्या. हे मान्य करण्यात मला अपराधी वाटत नाही.

उत्तर ३: पूर्व भाग

मी यंत्रमागांच्या दुरुस्तीचे काम करतो, आणि या प्रश्नाकडे यंत्र हाताळणाऱ्या माणसाच्या नजरेने पाहतो. आमच्याकडे धोट्याच्या जुन्या मागांवर धोटा उसळून बाहेर आला की शेजारच्या कामगाराचा डोळा जायचा, म्हणून त्यावर जाळी बसवली गेली. जुन्या मागावरच्या कारागिराचा हात आज दिसत नाही याची खंत करणारे माझ्या ओळखीत पुष्कळ आहेत; पण जाळी काढा असे त्यांच्यापैकी एकही जण म्हणत नाही. होटगी रोडकर, आपली ओढ याच जातीची आहे असे मला वाटते.

चालकाचे काम डोळ्यांना दिसणे हे आपण गमावले आहे. १९८९ मध्ये फेरारीने स्टिअरिंगमागील पट्ट्यांनी गिअर बदलणारी यंत्रणा आणली आणि तिचा चालक मॅन्सेलने त्या यंत्रणेच्या पहिल्याच शर्यतीत, ब्राझीलमध्ये, विजय मिळवला. त्याआधी प्रत्येक गिअरसाठी चालकाला एक हात स्टिअरिंगवरून काढावा लागे. १९९० च्या मोनॅकोमधील सेनाच्या गाडीवरील कॅमेऱ्याचे चित्रण पाहा: एका हाताने गाडी कठड्यांमधून काढायची आणि दुसऱ्या हाताने गिअर टाकत राहायचे, हे सारे तेथे उघड दिसते. आज चालकाचे डोके उंच कडांमध्ये आणि हॅलोमागे जवळपास झाकलेले असते. तो कष्ट करत नाही असे नव्हे, पण ते कष्ट आपल्यापर्यंत पोहोचत नाहीत.

दुसरी हानी रस्त्यांची झाली, आणि येथे सुरक्षेसाठी खरोखर काहीतरी मोजावे लागले हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. १९७१ च्या मोंझाच्या शर्यतीत पीटर गेथिन एका सेकंदाच्या शंभराव्या भागाने जिंकला आणि पहिले पाच चालक एका सेकंदाच्या आत रेषा ओलांडून गेले. पुढच्या गाडीच्या मागे, जिथे हवेचा अडसर कमी होतो तिथे चिकटून राहायचे आणि योग्य क्षणी बाजूला होऊन पुढे जायचे, असा तो लढा शेवटपर्यंत चालला. पुढच्याच वर्षी वेग कमी करण्यासाठी त्या मार्गावर आडवळणे घातली गेली आणि मोंझातील तो प्रकार संपला. माझ्या मते ती आडवळणे आवश्यक होती. रिंट हा चालक १९७० मध्ये त्याच मार्गावर सरावात मृत्युमुखी पडला होता आणि त्या वर्षीचा विश्वविजेता तो मरणोत्तर ठरला. तरीही १९७१ ची ती शर्यत पुन्हा कधी होणार नाही याचे वाईट वाटणे मला गैर वाटत नाही.

सात रस्ता यांना एक सांगावेसे वाटते. लाउडाचा तो अपघात कोणत्याही दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्याने टिपलेला नाही. सुमारे २३ किलोमीटरच्या त्या मार्गावर कॅमेरे सर्वत्र पोहोचतच नव्हते, आणि आपण पाहतो ते चित्रण एका प्रेक्षकाच्या घरगुती कॅमेऱ्यातील आहे. मदतही तशीच पोहोचली नाही, त्याला ओढून काढले ते मेर्झारिओ, एडवर्ड्स, लंगर आणि एर्टल या चालकांनी. नियमितपणे संपूर्ण मोसम दाखवण्याची पद्धत १९७०च्या दशकाच्या अखेरीस रुळू लागली. म्हणजे ज्या काळाची आपल्याला ओढ वाटते त्याचा फार थोडा भाग चित्रित झाला आहे, आणि त्यातही अपघातांची आणि अटीतटीच्या लढतींची दृश्ये निवडून पुन्हा पुन्हा दाखवली जातात. कंटाळवाण्या शर्यती त्या काळातही होत्या. त्या कोणी जपून ठेवत नाही.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद: होटगी रोडकर

तिघांचेही मनःपूर्वक आभार. डॉक्टर, वेग आणि निष्काळजीपणा यांत आपण केलेला भेद माझ्यासाठी निर्णायक आहे. जॅकी स्टुअर्ट या चालकाविषयी वाचलेले त्यामुळे अधिक स्पष्ट झाले. १९६६ मध्ये स्पा येथे तो इंधनाने भिजलेल्या गाडीत अडकला, आणि ग्रॅहम हिल व बॉब बाँड्युरंट या चालकांना स्टिअरिंग सोडवण्यासाठी प्रेक्षकांकडून पाना मागून आणावा लागला. त्यानंतर तो गाडीत पाना ठेवू लागला आणि सुरक्षेसाठी आयोजकांशी वर्षानुवर्षे भांडला. त्याला भित्रा म्हणणारे लोक होते, आणि तरीही तो तीन वेळा विश्वविजेता झाला. १९७३ ची झांडफोर्टची शर्यत त्यानेच जिंकली आणि जिम क्लार्कच्या २५ विजयांचा विक्रम त्या दिवशी मोडला गेला, पण तो विजय आज कोणी आनंदाने आठवत नाही. त्याच मोसमाच्या अखेरीस त्याचा संघसहकारी सेव्हेर सरावात मृत्युमुखी पडला, आणि स्टुअर्ट आपली शंभरावी शर्यत न खेळताच निवृत्त झाला. धोक्याच्या काळातील सर्वोत्तम चालकांपैकी एकाला स्वतःला तो धोका नको होता, हे मी पुतण्याला आधी सांगायला हवे.

आता एक शेवटची विचारणा. येत्या रविवारी पुतण्या त्याच्या महाविद्यालयातील मित्रांना घेऊन येणार आहे. त्यांना त्या काळातील एकच शर्यत दाखवायची झाली तर कोणती दाखवावी?

उत्तर ४: पूर्व भाग

१९७९ ची दिजाँ येथील फ्रेंच शर्यत दाखवावी. त्या दिवशी जाबुई या चालकाने रनो या फ्रेंच संघाला टर्बो इंजिनाचा (दाबाने जास्त हवा आत ढकलून ताकद वाढवणाऱ्या इंजिनाचा) पहिला विजय मिळवून दिला, पण सर्वांच्या लक्षात राहिली ती दुसऱ्या क्रमांकासाठी जिल व्हिलनव्ह आणि रने आर्नू यांची शेवटच्या फेऱ्यांतील लढत. चाकाला चाक अनेकदा घासले, दोघेही रस्त्याबाहेर जाऊन परत आले, व्हिलनव्ह दुसरा आला, आणि गाड्यांतून उतरल्यावर दोघेही हसत होते. मुले अभियांत्रिकीची आहेत, तेव्हा रनोच्या टर्बोवरही त्यांच्याशी अवश्य बोलावे. दोन वर्षे ते इंजिन सतत बंद पडत होते, आणि त्या दिवशी ते शेवटपर्यंत टिकले.

उत्तर ५: अस्थिरोगतज्ज्ञ

दिजाँच्या निवडीला माझा दुजोरा. रविवारी दवाखाना बंद असतो. होटगी रोडकर, आपली हरकत नसेल तर मीही येईन. मुलांनी झांडफोर्टविषयी विचारलेच, तर पर्लीला त्या प्रयत्नासाठी ब्रिटनचे जॉर्ज पदक देण्यात आले, हेही त्यांना सांगू.