मदत हवी आहे: वेस्टफील्डमध्ये (इंडियाना) नवे घर घ्यावे की कार्मेलमध्ये जुने?

मंडळी, नमस्कार.

आम्ही दोघे आणि आमची आठ वर्षांची मुलगी इंडियानापोलिसच्या उत्तरेला, कार्मेलमध्ये भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहतो. भाडेकराराची मुदत संपत आली आहे आणि या वेळी तो वाढवण्याऐवजी स्वतःचे घर घ्यायचे असे आम्ही ठरवले आहे. दोन घरांवर विचार येऊन थांबला आहे. एक वेस्टफील्डच्या नव्या वसाहतीत बिल्डरकडून बांधून मिळणारे, तर दुसरे कार्मेलमध्येच, मोठ्या झाडांच्या गल्लीतले १९९०च्या दशकातले. किमतीत फारसा फरक नाही, आणि म्हणूनच निर्णय अडला आहे. हॅमिल्टन काउंटीत (ही दोन्ही गावे याच काउंटीत येतात) किंवा मिडवेस्टमधल्या अशाच झपाट्याने वाढणाऱ्या उपनगरात ज्यांनी घर घेतले आहे, त्यांच्याकडून मार्गदर्शन हवे आहे.

वेस्टफील्डची लोकसंख्या २०१०च्या जनगणनेत सुमारे ३० हजार होती, ती २०२०मध्ये ४६ हजारांवर गेली, आणि बांधकामे पाहता हा वेग आजही ओसरलेला दिसत नाही. आम्ही पाहिलेल्या प्लॉटच्या मागे सध्या मक्याचे शेत आहे. बिल्डरच्या विक्री कार्यालयात त्याविषयी विचारले असता ‘तूर्त तिथे काही नाही’ एवढेच उत्तर मिळाले. तिथे पुढे घरे येतील, गोदाम येईल की चौपदरी रस्ता, हे शहराच्या विकास आराखड्यावरून आणि नियोजन आयोगापुढे आलेल्या अर्जांवरून काही अंशी कळते, हे मी जाणतो. पण असे आराखडे प्रत्यक्षात कितपत पाळले जातात आणि जमिनीचा झोन बदलण्याचे अर्ज आले तर रहिवाशांच्या हरकतींना कितपत वजन असते, हे तिथे राहणारेच सांगू शकतील. शाळेचेही तसेच. मुले वाढली की प्राथमिक शाळांच्या हद्दी नव्याने आखल्या जातात. मुलगी आता तिसरीत जाईल. तिला मध्येच शाळा बदलावी लागू नये अशी आमची फार इच्छा आहे.

मला सर्वांत जास्त काळजी मालमत्ता कराची वाटते, आणि घर शोधणाऱ्या इतरांनाही उपयोग व्हावा म्हणून ती सविस्तर मांडतो. इंडियानात स्वतः राहत असलेल्या घरावरचा कर मूल्यांकनाच्या १ टक्क्यापेक्षा, तर भाड्याने दिलेल्या घरावरचा २ टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. ही मर्यादा २०१०मध्ये राज्यघटनेतच घातली गेली, मात्र शाळांसाठी मतदारांनी सार्वमताने मंजूर केलेला कर या मर्यादेबाहेर असतो. मूल्यांकन १ जानेवारीच्या स्थितीनुसार होते आणि त्याचे बिल पुढच्या वर्षी मे व नोव्हेंबर अशा दोन हप्त्यांत भरायचे असते. म्हणजे समजा, १ जानेवारी २०२६ रोजी प्लॉट मोकळा होता आणि घराचे क्लोजिंग (खरेदीचा अंतिम व्यवहार) ऑक्टोबरमध्ये झाले, तर २०२७ची बिले केवळ जमिनीवर येतील आणि पूर्ण घराचे पहिले बिल २०२८च्या मे महिन्यात हाती पडेल. लेंडरने (कर्ज देणाऱ्या संस्थेने) एस्क्रोची, म्हणजे करासाठी हप्त्याबरोबर दरमहा बाजूला काढायची, रक्कम आधीच्या छोट्या बिलावरून ठरवलेली असेल, तर त्या वर्षी वाढीव कर आणि खात्यातली तूट असा दोन्हींचा भार मासिक हप्त्यावर एकदम पडतो. साडेचार लाख डॉलर मूल्यांकन धरले तर १ टक्क्याच्या हिशेबाने वर्षाला ४,५०० डॉलर, म्हणजे महिन्याला ३७५ डॉलर केवळ कराचे होतात, आणि सार्वमताचा कर त्याहून वेगळा. बिल्डरच्या कागदावर दाखवलेला मासिक हप्ता यापेक्षा बराच कमी आहे. लेंडरला पहिल्या दिवसापासून पूर्ण घराच्या अंदाजानुसार एस्क्रो धरायला सांगता येते का? कोणी तसे करून घेतले आहे का?

दुसरा प्रश्न व्हिसाचा आहे. आम्ही दोघेही एच-१बी या नोकरीशी बांधलेल्या व्हिसावर आहोत, आणि ग्रीन कार्डच्या (कायमच्या वास्तव्याच्या परवान्याच्या) रांगेत भारतीयांना किती वर्षे थांबावे लागते हे सर्वांना ठाऊकच आहे. सरकारी हमीचे एफएचए कर्ज मे २०२५पासून कायमस्वरूपी रहिवासी नसलेल्यांसाठी बंद झाले असले, तरी आम्ही साधे कन्व्हेन्शनल (सरकारी हमी नसलेले) कर्ज घेणार असल्याने तिथे अडचण नाही. अडचण पुढची आहे. नोकरी गेली तर नवी मिळवायला किंवा देश सोडायला हातात जास्तीत जास्त ६० दिवस असतात, आणि तेवढ्या अवधीत घर विकणे म्हणजे पडेल त्या भावाला देणे. अशा वेळी घर भाड्याने देऊन ठेवावे असा आमचा विचार होता. परंतु शेजारच्या फिशर्स शहराने २०२५मध्ये प्रत्येक वसाहतीतील भाड्याच्या घरांवर १० टक्क्यांची मर्यादा घातली, आणि अनेक एचओएंच्या (वसाहतीतील घरमालकांच्या संघटनांच्या) नियमावलीतही भाड्याविषयी अशीच बंधने असतात. शिवाय भाडेकरू ठेवला की कराची मर्यादा १वरून २ टक्क्यांवर जाते. म्हणून मला असे वाटू लागले आहे की आमच्यासारख्यांनी घराच्या ग्रॅनाइटपेक्षा एचओएची नियमावली आधी वाचावी. वेस्टफील्डच्या नव्या वसाहतींमध्ये ही कलमे साधारण कशी असतात, आणि एचओए बिल्डरच्या ताब्यात असेपर्यंत ती एकतर्फी बदलली जातात का?

घराच्या आतले दोन मुद्दे आमच्यासाठी महत्त्वाचे आहेत. माझे आईवडील सांगलीहून येतात तेव्हा बरेच महिने राहतात आणि आईला गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही. त्यामुळे तळमजल्यावर शॉवरसह बाथरूम असलेली एक खोली हवीच. दुसरा मुद्दा स्वयंपाकघराचा. बिल्डरच्या मूळ आराखड्यात शेगडीवर मायक्रोवेव्ह आहे आणि त्याचा पंखा वाफ गाळून पुन्हा खोलीतच सोडतो. रोजच्या फोडणीला आणि मिरचीच्या ठसक्याला तो पुरणार नाही. बाहेर धूर सोडणारा हूड हवा असेल तर डक्टची जागा भिंती बंद होण्यापूर्वीच ठरवावी लागते, आणि बिल्डर त्यासाठी वेगळे पैसे मागतो आहे. ज्यांनी तो नंतर बसवून घेतला, त्यांना कितपत तोडफोड करावी लागली?

कार्मेलच्या घराबाबत शंका कमी आहेत. छप्पर आणि फर्नेस (घर तापवणारे यंत्र) किती जुने आहेत, हे इन्स्पेक्शनमध्ये कळेल. बेसमेंटमध्ये साचणारे पाणी बाहेर टाकणारा सम्प पंप आहे, पण वीज गेल्यावर चालणारी बॅटरी नाही, आणि रेडॉनची (जमिनीतून घरात शिरणाऱ्या किरणोत्सर्गी वायूची) चाचणी आम्ही करून घेणारच आहोत. पातळी लिटरमागे ४ पिकोक्युरीच्या वर आली तर उपाययोजनेचा खर्च विक्रेत्याने द्यावा अशी अट घालता येते, असे ऐकले आहे. तिथली शाळा माहीत आहे, शेजार वसलेला आहे, मोनॉन ट्रेलवर सायकलने जाता येते, आणि मागे काय येणार हा प्रश्नच नाही. माझा कल हळूहळू तिकडे झुकतो आहे. पत्नीला मात्र नवे घर, त्याची वॉरंटी आणि मुलीच्या वयाची मुले असलेली वसाहत अधिक योग्य वाटते, आणि तिचे म्हणणेही मला पटते.

नव्या घराकडे गेलो तर भिंती बंद होण्यापूर्वी एक आणि वॉरंटीचे पहिले वर्ष संपण्यापूर्वी एक, असे स्वतंत्र इन्स्पेक्शन करून घेण्याचा बेत आहे. बिल्डरने त्याला आडकाठी केल्याचा कोणाचा अनुभव असेल, तर करारात कोणते वाक्य आधीच घालून घ्यावे ते कृपया कळवावे. बिल्डरला महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचे आहे. इतर राज्यांतील सदस्यांनीही, कराची पद्धत वेगळी असली तरी, वाढत्या गावात घर घेतल्यानंतर पाच-सात वर्षांनी काय बदलले हे लिहिले, तर आम्हाला फार मदत होईल.