मदत हवी आहे: करोडगिरी, लेव्ही, पट्टी... आजीच्या तोंडचे करांचे शब्द

नमस्कार मंडळी. माझी आजी 91 वर्षांची आहे. माहेर बार्शीकडचं, सासर कळंब तालुक्यातलं. दिवाळीत गावी गेले तेव्हा ग्रामपंचायतीची पावती तिला वाचून दाखवत होते: घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर, पाणीपट्टी. ती म्हणाली, "पट्टी भरावी बाई, ती आपल्या गावची असती. करोडगिरीवाल्यानं मातर माझं लुगडं धरलं व्हतं."

लग्नाच्या वर्षी ती माहेरून परत येत होती. आईनं दिलेलं कोरं लुगडं बोचक्यात होतं. हद्दीवरच्या नाक्यावर शिपायानं बोचकं सोडायला लावलं आणि लुगड्यावर पैसे मागितले. भावानं कलदार काढले तर तो हालीच मागायला लागला. दुसऱ्या खेपेला आजी नवं लुगडं नेसूनच नाका ओलांडून आली. हे सांगताना तिचा आवाज अजून चढतो.

मी तिचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून शब्द वहीत उतरवते आहे. चूक लिहून ठेवायची नाही, म्हणून इथे विचारते.

करोडगिरी म्हणजे जकातच का? बार्शी आणि कळंबच्या मधे जकात कशाची?

लेव्ही. "लेव्हीवाले आले की ज्वारी पेवात दडवायची," असं ती सांगते. मग लेव्ही हा कर धरायचा का?

कुणबी नोंदी शोधायला आमच्याकडेही जुनी ट्रंक उघडली. त्यात पणजोबांची साऱ्याची पावती निघाली, अर्धी उर्दू, अर्धी मराठी. त्यावर 'सन 1355 फसली' आहे. हे आपलं कोणतं साल?

शेवटचं आजचंच. भावाच्या पगारातून दरमहा 200 रुपये व्यवसाय कर कापतात आणि फेब्रुवारीत 300. माझा पगार 22 हजार आहे, माझ्यातून काहीच कापत नाहीत. आजीनं विचारलं, "ह्ये पैसं कुठं जातेत?" मला सांगता आलं नाही, आणि ते मनाला लागलं. खताच्या पिशवीवरचा जीएसटी मी तिला सांगू शकते, अडीच टक्के केंद्राचे, अडीच राज्याचे. पण ज्या घरातून कर जातो, त्या घराला तो कशाचा हे ठाऊक असायला हवं.

प्रतिसाद: बालाघाट

ताई, आजींचा शब्द अगदी बरोबर आहे. करोडगिरी म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानाचं सीमाशुल्क खातं. बार्शी इंग्रजी मुलखात होती, कळंब निजामात. संस्थानाचं नाणं वेगळं, टपाल वेगळं आणि हद्दीवर माल आला की शुल्क. जकात शहराच्या वेशीवर, करोडगिरी राज्याच्या हद्दीवर, असा फरक धरा. अकबराच्या काळात करोडी नावाचे वसुली अधिकारी होते, एक कोट दामांच्या वसुलीचा मुलूख ज्याच्याकडे तो करोडी. शब्द त्या कुळातला. हाली म्हणजे निजामाचा रुपया, कलदार इंग्रजांचा. सात हालींना सहा कलदार असा हिशेब होता.

मुक्तिसंग्रामात 1947-48 साली कार्यकर्त्यांनी हे करोडगिरी नाकेच उडवले, जाळले. शिंदीची झाडंही तोडली, आबकारीचं उत्पन्न बुडावं म्हणून. आजींना नाका जळाल्याचं आठवतं का, जरूर विचारा. अशा आठवणी सांगणारी माणसं आता फार थोडी उरली आहेत.

फसलीत 590 मिळवा. 1355 म्हणजे 1945-46. वर्ष ऑक्टोबरात, आजूर महिन्यापासून सुरू व्हायचं. पावती प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा, लॅमिनेशन मात्र करू नका.

प्रतिसाद: जिरायती

लेव्ही कर नव्हे. सरकार ठरवलेल्या भावानं धान्य सक्तीनं उचलायचं, म्हणजे पैसे मिळायचे. पण लेकरांच्या तोंडची ज्वारी जात असेल तर शेतकऱ्याला तो करच वाटणार. वहीत दोन्ही लिहा.

आता व्यवसाय कर. 200 अकरा वेळा आणि 300 एकदा, झाले 2500. राज्यघटनेच्या 276 व्या कलमानं याहून जास्त घेताच येत नाही. एप्रिल 2023 पासून महाराष्ट्रात 25 हजारांपर्यंत पगार असलेल्या बायकांना तो माफ आहे, म्हणून तुमच्यातून कापत नाहीत. आणि हे पैसे कुठे जातात ते आजींना नक्की सांगा. 1972 च्या दुष्काळानंतर रोजगार हमीसाठी पैसा उभा करायला 1975 साली हा कर आणला. शहरातल्या पगारदारानं भरायचा आणि खेड्यात कामाला हात लावणाऱ्याला त्यातून मजुरी द्यायची.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री फोन स्पीकरवर ठेवून आजीला सगळं वाचून दाखवलं. रोजगार हमीचं ऐकल्यावर ती थोडा वेळ गप्पच होती. बहात्तरला ती तळ्याच्या कामावर खडी फोडत होती, आणि तिथे मिळालेल्या सुकडीवर माझे वडील वाढले. मग भावाला म्हणाली, "कापू दे. कुणाच्या तरी चुलीला लागतेत."

नाका जळाल्याचं तिनं ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. पट्टीबद्दल मात्र ठाम आहे. सप्ताहाला घरटी काढतात ती पट्टी आणि ग्रामपंचायतीची पट्टी तिच्या लेखी एकच, कारण दोन्हींचा हिशेब पारावर विचारता येतो.

आणखी एक शब्द निघाला. आठवडी बाजारात पोतं अंथरून भाजी विकायला बसलं की पावतीबुकवाला यायचा, त्याला ती 'तैबाजारी' म्हणते. माझ्या अंदाजानं हे तहबाजारी असावं. लातूर, नांदेड, परभणीकडच्यांनो, तुमच्या बाजारातल्या पावतीवर हाच शब्द छापलेला असेल तर एक फोटो टाकाल का?