डलास विद्यापीठात सर्वांना एकच पायाभूत अभ्यासक्रम कशासाठी?

प्रश्न:
नमस्कार. माझ्या भाचीला बारावीनंतर अमेरिकेत इंग्रजी साहित्य शिकायचे आहे आणि टेक्सासमधील अर्व्हिंग येथील डलास विद्यापीठ हे छोटे कॅथलिक विद्यापीठ तिच्या मनात भरले आहे. तेथे पदार्थविज्ञान शिकणाऱ्यालाही साहित्य, तत्त्वज्ञान, इतिहास आणि धर्मशास्त्राचे ठरावीक विषय घ्यावेच लागतात, असे कळले. ही पद्धत कशी रुजली, आणि कॅथलिक नसलेल्या मुलीला ती जाचक होईल का?

प्रतिसाद १:
या विद्यापीठाची सनद, म्हणजे ते चालवण्याचा कायदेशीर परवाना, जुनी आहे. व्हिन्सेंशियन या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंनी १९०५ मध्ये काढलेल्या महाविद्यालयाला १९१० मध्ये हे नाव मिळाले, पण १९२८ मध्ये ते बंद पडले. पुढे नामूरच्या सेंट मेरी संघाच्या धर्मभगिनींनी ती सनद मिळवली आणि सप्टेंबर १९५६ मध्ये ९६ विद्यार्थ्यांनिशी आजचे विद्यापीठ सुरू झाले. सर्व धर्मांच्या आणि वंशांच्या मुलामुलींना येथे प्रवेश असेल, असे बिशप थॉमस गोरमन यांनी आधीच जाहीर केले होते. वर्णभेद पाळणाऱ्या तेव्हाच्या टेक्सासमध्ये असे बोलायला धैर्य लागत होते. सुरुवातीच्या अध्यापकांत हंगेरीचे सिस्टर्शियन या कॅथलिक संघाचे संन्यासी होते. झिर्ट्स येथील त्यांचा मठ साम्यवादी राजवटीने १९५० मध्ये बंद केला होता, आणि अध्यापन हे या संघाचे मायदेशातही मुख्य कार्य होते. मात्र अभ्यासक्रमाची घडण प्रामुख्याने १९६२ ते १९७७ या काळात अध्यक्ष असलेले पदार्थवैज्ञानिक डोनाल्ड कोवन आणि त्यांच्या पत्नी, साहित्याच्या प्राध्यापिका लुईस कोवन यांची आहे. विज्ञानाच्या माणसानेच साहित्य सर्वांना अनिवार्य मानले, हे मला फार मोलाचे वाटते.

प्रतिसाद २:
साहित्याच्या विद्यार्थिनीसाठी तेथील सर्वांत कसोटीचा भाग तिसऱ्या वर्षी येतो. इंग्रजीचा प्रत्येक विद्यार्थी एक कवी निवडतो, त्याची समग्र कविता आणि तिच्यावरील समीक्षा वाचतो आणि मग प्राध्यापकांसमोर तोंडी परीक्षा देतो. आपल्याकडे एम. ए.ला विशेष ग्रंथकाराचा अभ्यास असतो. तेथे ती खोली पदवीच्या पातळीवरच अपेक्षित असते. त्याआधी होमरच्या महाकाव्यांपासून कादंबरीपर्यंतचा प्रवास सर्व शाखांच्या मुलांनी एकत्र केलेला असल्यामुळे वसतिगृहातही चर्चेला समान विषय असतो. १९७० पासून चालत आलेले, रोममध्ये राहून शिकण्याचे सत्र बहुतेक जण दुसऱ्या वर्षी करतात. १९९४ पासून त्यासाठी रोमजवळ विद्यापीठाचा स्वतःचा परिसर आहे आणि त्यात द्राक्षमळाही आहे.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. धर्मशास्त्राविषयी कोणी सांगू शकेल का?

प्रतिसाद ३:
बायबलचा परिचय आणि पाश्चात्त्य धर्मचिंतनाची परंपरा असे दोन विषय सर्वांनाच आहेत. ते ग्रंथ वाचून समजून घेण्याचे विषय आहेत, त्यामुळे श्रद्धा वेगळी असली तरी अभ्यास अडत नाही. बायबलमधील कथेवर महाकाव्य लिहिणारा इंग्रज कवी मिल्टन वाचणाऱ्या मुलीला तर त्यांचा थेट उपयोग होईल. तरीही वातावरण मनापासून कॅथलिक आहे, याची कल्पना तिला असावी. विषय स्वतः निवडण्याची हौस असेल, तर मात्र तिने दुसरे विद्यापीठ पाहावे, असे मी स्पष्टपणे सुचवेन.