पॉवर बीआय: तालुक्याचा स्लायसर लावला की ऑक्युपन्सी पडते

मांडवीकाठ:
नमस्कार मंडळी. गोव्यातल्या पणजी, कळंगुट आणि कोलवा अशा तीन हॉटेलांचा पॉवर बीआयमध्ये (मायक्रोसॉफ्टचं रिपोर्ट बनवायचं साधन) एकत्र रिपोर्ट आहे, मिळून १४० खोल्या. एक टेबल बुकिंगचं, दुसरं रोजच्या उपलब्ध खोल्यांचं. दोन्हींत हॉटेल कोड आणि तालुका आहे, आणि दोन्ही कॅलेंडरला जोडलेली आहेत. स्लायसर (पानावरचा निवडीचा फिल्टर) मोकळा असला की ऑक्युपन्सी, म्हणजे भरलेल्या खोल्यांची टक्केवारी, बरोबर येते. बार्देश (कळंगुटचा तालुका) निवडलं की ७५ टक्क्यांच्या जागी ३२ दिसते. एडिट इंटरॅक्शन्स (कोणता स्लायसर कोणत्या आलेखावर चालतो ती सेटिंग) तपासले, त्यात काही बंद नाही. शिवाय स्लायसरच्या यादीत ‘ब्लँक’ येतं ते वेगळंच.

डॅक्सवाला:
स्लायसरमधला तालुका बुकिंगच्या टेबलातून ओढलेला असणार. बार्देश निवडलं की फक्त बुकिंग गाळलं जातं. उपलब्ध खोल्यांच्या टेबलापर्यंत तो फिल्टर पोचायला वाटच नाही, म्हणून छेद पूर्ण १४० राहतो. कळंगुटच्या ६० खोल्यांपैकी ४५ भरल्या असतील तर ४५ भागिले ६० म्हणजे ७५ टक्के. ४५ भागिले १४० म्हणजे तुमचे ३२. दोन्ही टेबलांत तालुका नावाचा कॉलम आहे म्हणून पॉवर बीआय आपणहून ते जुळवत नाही. फिल्टर रिलेशनशिपवरूनच, म्हणजे टेबलांमधल्या जोडणीवरूनच जातो.

उपाय मॉडेलमध्येच, म्हणजे टेबलं आणि त्यांच्या जोडण्यांतच करायचा. हॉटेलांचं वेगळं टेबल करा: कोड, नाव, तालुका, जिल्हा, प्रत्येक हॉटेलची एकच ओळ. ते कोडवरून दोन्ही टेबलांना वन-टू-मेनी (इथली एक ओळ, तिथल्या अनेक) जोडा, क्रॉस फिल्टर दिशा ‘सिंगल’ ठेवा, म्हणजे फिल्टर हॉटेल टेबलाकडून त्या दोघांकडेच जाईल. स्लायसरमध्ये याच टेबलातला तालुका घ्या. मग जुने दोन्ही तालुका कॉलम रिपोर्ट व्ह्यूपासून लपवा, नाहीतर पुढच्या महिन्यात कोणीतरी पुन्हा तेच ओढणार. दिशा ‘बोथ’ करून भागवायचा मोह होईल. तो आवरा. दोन मोठी टेबलं असली की फिल्टर उलट्या वाटेने फिरतो आणि आकडे का बदलले ते शोधता शोधता दिवस जातो.

सांगेकर:
ब्लँकबद्दल. आत्ता ते दिसतंय म्हणजे बुकिंगच्या काही ओळींत तालुका रिकामा आहे. हॉटेल टेबल केल्यावरही दिसलं तर अर्थ वेगळा: बुकिंगमधला एखादा कोड हॉटेल टेबलात नाही. ते ब्लँक फिल्टरने लपवू नका, त्यामागे खरं उत्पन्न असतं.

हॉटेल टेबल बुकिंगमधून काढणार असाल तर एक खोच आहे. पॉवर क्वेरी (डेटा आत घेताना साफ करायची जागा) लहान-मोठी इंग्रजी अक्षरं वेगळी मानते, मॉडेल मानत नाही. एकच कोड दोन तऱ्हांनी लिहिलेला असेल तर ‘रिमूव्ह डुप्लिकेट्स’नंतरही दोन ओळी उरतात आणि रिलेशनशिप करताना डुप्लिकेटची तक्रार येते. आधी ट्रिम (कडेच्या मोकळ्या जागा काढणं), मग अपरकेस (सगळी अक्षरं मोठी), मग डुप्लिकेट काढा. ट्रिम आणि अपरकेस बुकिंग आणि खोल्यांच्या कोडवरही चालवा.

मांडवीकाठ:
जमलं, ७५ आले. आता ४० टक्क्यांखालची हॉटेलंच पूर्ण पानावर हवीत. ऑक्युपन्सीचं मेझर (सूत्राने निघणारा आकडा) पेज फिल्टरमध्ये टाकू देत नाही.

डॅक्सवाला:
देणारच नाही. मेझरचा फिल्टर फक्त व्हिज्युअलच्या, म्हणजे एकेका तक्त्याच्या किंवा आलेखाच्या पातळीवर लागतो, कारण मेझरचा आकडा त्या व्हिज्युअलमधल्या ओळींवर ठरतो. हॉटेलवार तक्त्यात ‘४० पेक्षा कमी’ म्हणजे कमी भरलेली हॉटेलं, महिनावार आलेखात तेच म्हणजे मंदीचे महिने. तक्त्याला व्हिज्युअल फिल्टर लावा. वरच्या कार्डासाठी (एकच आकडा दाखवणारा चौकोन) वेगळं मेझर लिहा: डॅक्स या सूत्रांच्या भाषेतल्या कॅलक्युलेटच्या आत फिल्टर, त्यात व्हॅल्यूजने हॉटेल कोडांची यादी आणि अट ऑक्युपन्सी ०.४ पेक्षा कमी.

सांगेकर:
पहाटे नाइट ऑडिटवाले (हॉटेलचा दिवसाचा हिशेब रात्री बंद करणारे) रिपोर्ट उघडत असतील तर हेही बघा. सर्व्हिसमधला (वेबवरच्या पॉवर बीआयमधला) ‘आज’चा रिलेटिव्ह डेट फिल्टर यूटीसी वेळेवर (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे) चालतो. आपल्याकडे पहाटे साडेपाचपर्यंत तो कालचीच तारीख धरतो. डेस्कटॉपमध्ये बरोबर आणि सर्व्हिसमध्ये चूक, असं दिसलं तर कारण बहुधा हेच.

आणि कोलव्याच्या मॅनेजरला कळंगुटचे आकडे दिसू नयेत म्हणून फिल्टर लपवून कुलूप घालत असाल तर ती सुरक्षा नव्हे. त्यासाठी रो-लेव्हल सिक्युरिटी (कोणाला कोणत्या ओळी दिसाव्यात ते ठरवणारी सोय), आणि वर्कस्पेसमध्ये (रिपोर्ट ठेवलेली सामायिक जागा) त्याला फक्त ‘व्ह्यूअर’ करा. ‘मेंबर’ किंवा ‘काँट्रिब्युटर’ला ती लागूच होत नाही.