मदत हवी आहे: विधिमंडळाची समिती कोल्हापूर दौऱ्यावर, निवेदन कसं द्यायचं?

बावडेकर
पुढच्या आठवड्यात समिती कोल्हापुरात येणार आहे. आम्हाला निवेदन द्यायचं आहे. विषय बिंदुनामावली (कुठली जागा कुठल्या प्रवर्गाला राखीव, याची क्रमवार यादी) आणि पदोन्नती. ऑफिसात विचारलं तर म्हणे बाहेरच्यांना वेळ नाही. निवेदन कुणाच्या नावानं, किती प्रती, कुठं द्यायचं? लवकर सांगा. राजकारण नको.

तालमीतला
कुठली समिती भावा? पंचायती राज, आश्वासन, अंदाज, विनंती अर्ज... सगळ्याच फिरत असतात. संसदेची पण असते.

बावडेकर
अनुसूचित जाती कल्याण. मुंबईची. बिंदुनामावली लिहिलंय की वर.

घटना_प्रेमी
समितीच्या नादाला लागू नका. सरळ कोर्टात जा. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आपल्याच भाऊसिंगजी रोडला बसतंय, मुंबईची फेरी वाचली. घटनेच्या कलम २२६ खाली रिट. समिती काय, चहा पिऊन शिफारस करून जाणार.

निवृत्त_कक्षाधिकारी
चहा पिऊन जातात हे खरं, पण आमच्या काळात समितीचा दौरा लागला की सहा-सहा महिने न उघडलेल्या फायली रात्रीत उघडायच्या. घटना_प्रेमींनी ते पाहिलेलं दिसत नाही.
बावडेकर, आधी पद्धत समजून घ्या. दौऱ्याआधी समितीची प्रश्नावली कार्यालयांना जाते: मंजूर पदं किती, भरलेली किती, अनुशेष (न भरलेली राखीव पदं) किती, बिंदुनामावली विभागीय आयुक्तांच्या मागासवर्ग कक्षाकडून शेवटची कधी तपासून घेतली. जिल्ह्यात अधिकाऱ्यांना समोर बसवून त्यावर विचारतात. उत्तर पटलं नाही तर विभागाच्या सचिवांना मुंबईत साक्षीला बोलावतात. मग अहवाल सभागृहात. समिती स्वतः कुणाला पदोन्नती देत नाही. पण सचिवाला लोकप्रतिनिधींसमोर बसून उत्तर द्यावं लागतं, ही धास्ती छोटी नाही.
निवेदन समिती प्रमुखांच्या नावानं, विधान भवनातल्या समिती सचिवांना प्रत, आणि एक प्रत स्थानिक आमदारांमार्फत. त्यात भाषण नको. संवर्ग (एका प्रकारच्या पदांचा गट), बिंदू क्रमांक (यादीतला जागेचा क्रमांक), पद रिकामं झाल्याची तारीख.

रोस्टर_वाला
पदोन्नती कुठल्या काळातली? पदोन्नतीत आरक्षण देणारा २५ मे २००४ चा शासन निर्णय उच्च न्यायालयानं ४ ऑगस्ट २०१७ ला रद्द केला, तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. पुढं ७ मे २०२१ चा शासन निर्णय आला, पदोन्नतीतली आरक्षित पदं ज्येष्ठतेनं भरा म्हणून. तुमचं प्रकरण त्याच्या आधीचं की नंतरचं, हे न सांगता कोण काय सांगणार?

बावडेकर
नंतरचं. पण सरळसेवेचे, म्हणजे थेट भरतीचे, बिंदू पण खाल्लेत.

घटना_प्रेमी
मग पदोन्नतीचं सोडाच. घटनेचं कलम १६(४अ) पदोन्नतीत आरक्षण द्यायची सरकारला मुभा देतं, सक्ती करत नाही. सर्वोच्च न्यायालयाचं नागराज प्रकरण (२००६) वाचा.

रोस्टर_वाला
आणि तुम्हीच वर रिट घाला म्हणत होता! मुभा आहे तर रिट कशावर घालणार?

पन्हाळा_रोड
राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोग कुणीच बोलेना? कलम ३३८. चौकशी करताना दिवाणी न्यायालयाचे अधिकार असतात त्यांना, कार्यालय पुण्यात आहे. आमच्या मेहुण्याचं काम तिथंच झालं. समिती-बिमिती सोडा.

तालमीतला
शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला ५० टक्के जागा राखून ठेवल्या याच कोल्हापुरात. आणि आम्ही अजून रिकामे बिंदू मोजायलोय.

जयसिंगपूर_आई
इथं विचारू का, जात पडताळणीला सामाजिक न्याय भवनात किती दिवस लागतात? मुलीची ॲडमिशन अडकलीय.

निवृत्त_कक्षाधिकारी
ताई, वेगळा धागा काढा, तिथं सांगतो. बावडेकर, एक सांगा, कोर्टात काही चालू आहे का?

बावडेकर
हो, आमच्या संघटनेच्या दुसऱ्या गटानं पदोन्नतीवर याचिका घातलीय. आमचं नाव नाही त्यात. त्याचा काय संबंध?

निवृत्त_कक्षाधिकारी
सगळा संबंध तिथंच आहे. साक्षीला बसलेला अधिकारी "न्यायप्रविष्ट आहे" म्हणून फाईल मिटवतो, आणि समितीलाही पुढं जाता येत नाही. निवेदनात पदोन्नतीचा शब्द आणू नका. सरळसेवेचा अनुशेष आणि बिंदुनामावलीची तपासणी, एवढंच. कुण्या एकाची तक्रारही नको, पूर्ण संवर्ग दाखवा. एका माणसाचं प्रकरण "तपासून कळवतो" वर संपतं.

बावडेकर
बिंदुनामावलीची नोंदवही बघायला देत नाहीत. बिंदू क्रमांक आणू कुठनं?

पन्हाळा_रोड
माहिती अधिकार.

रोस्टर_वाला
३० दिवस त्यात जातील, समिती पुढच्या आठवड्यात येतीय. तरी अर्ज आज टाका. पोच निवेदनाला जोडा.

निवृत्त_कक्षाधिकारी
बरोबर. आणि नोंदवही दाखवली जात नाही, हेच निवेदनाचं पहिलं वाक्य करा. तुम्हाला कागद मिळाला नाही तरी समितीला तो मागवता येतो. सर्किट हाऊसला (शासकीय विश्रामगृहाला) एकटे जाऊ नका, संवर्गातले चार-पाच जण घ्या. निवेदन शिपायाच्या हातात देऊ नका. समितीबरोबर विधिमंडळाचे कर्मचारी असतात, त्यांच्याकडून पोच घ्या. स्थानिक कार्यालयाचा शिक्का चालणार नाही.

बावडेकर
दुसऱ्या गटाचे लोक पण येणार आहेत त्या दिवशी, पदोन्नतीचंच निवेदन घेऊन.

तालमीतला
मग आज रात्रीच बसा त्यांच्याबरोबर. समितीपुढं दोन निवेदनं आली तर ऑफिसवाले पेढे वाटतील.