बीजिंगचा छ्यानमन रस्ता ‘नकली’ म्हणून वगळायचा?

पायपीट: काल इथं कुणीतरी लिहिलं, ‘छ्यानमनला जाऊ नका, सगळा सिनेमाचा सेट आहे.’ वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. मुख्य रस्ता २००८ च्या ऑलिंपिकआधी नव्यानं उभारला, मान्य. पण पश्चिमेला वळलात की दाशलार ही जुनी बाजारगल्ली लागते. जून १९०० मध्ये परदेशी लोकांविरुद्ध उठलेल्या ‘बॉक्सर’ बंडखोरांनी तिथल्या विलायती औषधांच्या दुकानाला आग लावली आणि बाजार जळाला, शेजारच्या वेशीचा बुरूजही गेला. व्यापाऱ्यांनी बाजार परत उभा केला. रुइफूश्यांग या रेशमाच्या दुकानाचा दगडी दर्शनी भाग त्यानंतरचाच. मग तोही नकली?

जुनाबाजार: ‘सेट’ मीच म्हटलं होतं आणि शब्द मागे घेणार नाही. व्यापाऱ्यानं स्वतःच्या पैशानं दुकान बांधणं वेगळं, सरकारी योजनेत करड्या विटांचा देखावा उभा राहणं वेगळं. नवी भाडी किरकोळ दुकानदारांना झेपली नाहीत, तिथं झारा आणि युनिक्लो असे परदेशी कपड्यांचे ब्रँड आले. आणि घराण्याची परंपरा वगैरे नका सांगू. १९५६ पर्यंत ही सगळी जुनी दुकानं सरकारी भागीदारीत गेली.

रेशीमगाठ: मालकी कुणाची का असेना, कारागिरी बघा ना! नेइल्यानशंग हे १८५३ चं जोड्यांचं दुकान. दरबारी अधिकाऱ्यांच्या पायांची मापं ते वहीत नोंदवून ठेवायचे. तळासाठी सुती कापडाचे थर खळीनं चिकटवतात, जाड दोऱ्यानं हातानं शिवतात, मग ठोकून घट्ट करतात. मी कडेवरून बोट फिरवलं, तर एकेक थर हाताला लागत होता.

सहलकर: जोड्यांचं नाव काढू नका. भलत्याच एका दुकानातून गाइडनं आम्हाला असेच जोडे घ्यायला लावले. पहिल्याच पावसात तळ फुगला. यांना कमिशन मिळतं, आपण भरडले जातो!

रेशीमगाठ: अहो, कापडी तळाचे जोडे पावसात घालतात का कुणी? पावसाळ्यासाठी रबरी तळाचे घ्यायचे.

सहलकर: मग विकणाऱ्यानं तसं सांगायला नको? मला तर ते हातानं शिवलेलेही वाटले नाहीत. सगळे टाके एकसारखे.

रेशीमगाठ: टाके एकसारखे म्हणजे यंत्राचे, हा कुठला न्याय? चांगल्या कारागिराचे तसेच पडतात. माझी आजी गोधडी शिवायची, तिचा टाका कधी हलला नाही.

जुनाबाजार: जोडे पुरे! भाड्यापायी उठलेल्या दुकानदारांवर कुणी बोलणार आहे का?

पायपीट: बोलतो. त्यांच्यावर अन्याय झाला, यात वादच नाही. पण त्याची शिक्षा १६६९ पासून औषधं देणाऱ्या थोंगरनथांग या दुकानाला का? दाशलारमध्ये चहाच्या दुकानाशी उभे राहा, मोगरा घातलेल्या चहाचा वास रस्त्यापर्यंत येतो. तो काय सरकारनं २००८ मध्ये आणून ओतला?

जुनाबाजार: बरं, दाशलारपुरतं मान्य. मुख्य रस्त्याबद्दल मात्र माझं मत तेच आहे, आणि पुन्हा कुणी विचारलं तर जाऊ नका असंच सांगेन.